डायर्डचं उद्गारचिन्ह: आठ महिने रोज वापरून झाल्यावर

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये जो फाइल मॅनेजर आतच मिळतो ना, डायर्ड, त्यातल्या एका बटणाबद्दल लिहायचंय. उद्गारचिन्ह. फायलींवर एम दाबून खूण करायची, मग ! दाबायचं, खाली एक ओळ उघडते, तिथे शेलची (टर्मिनलमध्ये आपण लिहिलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्रॅम तो शेल) कुठलीही कमांड लिहून एंटर मारायचं, की ती कमांड खूण केलेल्या सगळ्या फायलींवर चालते. बस. आधीच सांगते, मला हे जाम आवडलंय आणि आता मी दुसरीकडे जाणार नाहीये, पण पहिले तीन आठवडे रोज काहीतरी अडायचं आणि दर वेळी वाटायचं की हे बटणच बिघडलंय. बटण एकदाही बिघडलेलं नव्हतं. म्हणून हा रिव्ह्यू जास्त करून कुठे अडतं आणि का अडतं याचाच आहे, कारण नवीन माणूस सोडून देतो तो तिथेच.

माझं काम काय आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावच्या वाचनालयाची जुनी वार्षिकं आहेत, खिळे जुळवून छापलेली, कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. ती मी स्कॅन करते. एक अंक म्हणजे साधारण चौसष्ट पानं, म्हणजे चौसष्ट टिफ फायली. त्या सरळ करायच्या, टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रॅमने चित्रातला मराठी मजकूर ओळखून घ्यायचा, शेवटी एक पीडीएफ बांधायची. आता हे सगळं टर्मिनलवरून होतंच की, पण कुठलं पान तिरकं आलंय, कुठलं उलटं आलंय, कुठल्यावर शाई फुटलीये हे डोळ्यांनी बघूनच ठरवायला लागतं, त्यात कुठला नियम नाही की वाइल्डकार्ड (अनेक नावांना एकदम लागू पडणारं चिन्ह) लावलं आणि झालं. डायर्डमध्ये एंटर मारलं की पान तिथेच दिसतं, क्यू मारलं की परत यादीत, खराब असेल तर एम, पुढचं पान. निवड डोळ्यांची आणि काम शेलचं, हे दोन्ही एका ठिकाणी मला दुसरीकडे इतकं सरळ मिळालं नाही. मिडनाइट कमांडर हा फाइल मॅनेजर मी वापरलाय, चांगला आहे, विम एडिटरच्या नेटआरडब्ल्यूमध्येही खुणा करून कमांड चालवता येते, पण तिथे माझा हात बसला नाही.

(कमांडी इथे मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

सगळ्यात पहिली गोष्ट, ! दाबल्यावर खाली जी ओळ येते ती वाचा. खरंच वाचा. एका फाइलवर असाल तर तिथे त्या फाइलचं नाव येतं, जास्त फायलींवर खूण असेल तर स्टार आणि चौकटी कंसात आकडा येतो, म्हणजे "! ऑन * [७ फाइल्स]" असं काहीतरी. हा आकडा म्हणजे तुमची शेवटची संधी आहे. यादी लांब असते, वर कुठेतरी सकाळी केलेल्या दोन खुणा राहिलेल्या असतात, स्क्रीनवर दिसत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं आपण पाचच फायलींवर काम करतोय. आकडा सात दिसला की कंट्रोल-जी दाबून बाहेर यायचं, कॅपिटल यू दाबून सगळ्या खुणा काढायच्या आणि नव्याने करायच्या. मला आता सवयच लागलीये, कमांड लिहायच्या आधी आकडा मोठ्याने म्हणते.

आता मुख्य भानगड. फाइलचं नाव कमांडमध्ये नेमकं कुठे जाणार?

कमांडमध्ये काहीच खास चिन्ह दिलं नाही तर नाव शेवटी चिकटतं, आणि कमांड दर फाइलला एकदा अशी चालते. बऱ्याच कामांना हे पुरतं. पण टेसरॅक्टला आधी चित्राचं नाव लागतं, मग आउटपुटचं नाव, मग भाषा वगैरे. मी पहिल्या दिवशी नुसतं "टेसरॅक्ट -एल एमएआर" (-एल म्हणजे भाषा, एमएआर म्हणजे मराठी) लिहिलं आणि चौसष्ट वेळा एरर खाल्ला, कारण नाव एकच गेलं आणि त्याला दोन हवी होती. तिथे प्रश्नचिन्ह वापरायचं. "टेसरॅक्ट ? ? -एल एमएआर" असं लिहिलं की दोन्ही प्रश्नचिन्हांच्या जागी त्या त्या फाइलचं नाव बसतं आणि दर पानाला एक मजकुराची फाइल तयार होते, पान-००१.टिफ.टीएक्सटी अशा नावाची. आणि स्टार वापरला तर सगळी नावं एकदम एकाच कमांडला जातात, म्हणजे पीडीएफ बांधायला "आयएमजीटूपीडीएफ * -ओ अंक.पीडीएफ" हे बरोबर, कारण तिथे चौसष्ट पानांची मिळून एकच पीडीएफ हवीये, चौसष्ट पीडीएफ नकोत. दोन्ही चिन्हं एकाच कमांडमध्ये मिसळायची नाहीत, तो सरळ नाही म्हणतो.

आणि हे सगळं चालतं ते चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तरच. हे वाक्य मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. अलीकडे पलीकडे स्पेस, किंवा ओळीची सुरुवात किंवा शेवट. एवढी जागा नसेल तर डायर्ड त्या चिन्हाला हात लावत नाही, ते जसंच्या तसं शेलकडे जातं आणि मग शेल त्याचा आपल्या पद्धतीने अर्थ लावतो. म्हणजे नावात स्पेस आहे म्हणून तुम्ही शहाणपणाने प्रश्नचिन्हाला अवतरणात घातलंत की संपलं, आता ते चिन्ह राहिलं नाही, शेल बिचारा खरोखरच ? नावाची फाइल शोधत बसतो. अवतरणं लागतच नाहीत. नावात स्पेस असो, कंस असो, देवनागरी असो, डायर्ड ते नाव शेलला कळेल असं बांधूनच देतो. माझ्या निम्म्या फायलींची नावं "दिवाळी वार्षिक पान १२" अशी आहेत, एकदाही त्रास झाला नाही, त्रास झाला तो मी मदत करायला गेले तेव्हाच.

नावाला काहीतरी चिकटवायचं असेल तर काय करायचं, म्हणजे ? आणि लगेच .जेपीजी? तिथे प्रश्नचिन्ह बॅकटिकमध्ये घालायचं, `?` असं, मग जागा नसली तरी तो नाव बसवतो. जरा नव्या आवृत्त्यांत हे आहे. आणि उलटं हवं असेल, म्हणजे मोकळ्या जागेतला स्टार शेलचाच राहावा असं, तर स्टारला लागून रिकामी दुहेरी अवतरणं लिहायची, *"" असं. हे मला आठ महिन्यांत एकदाच लागलं.

या मोकळ्या जागेने मला कसं पकडलं ते सविस्तर सांगते, कारण याच्यापुढे बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. एका रविवारी सलग तीन अंक स्कॅन करून झाले होते, सगळे एकाच फोल्डरमध्ये, दोनशे बारा पानं. त्यातली सात उलटी आली होती, डोकं खाली. मी सातही बघून बघून खुणा केल्या, ओळीत ७ आकडा वाचला, सगळं बरोबर. मला पानं फिरवायची होती आणि फिरवलेल्या पानांची नावं एका यादीतही उतरवायची होती म्हणून मी छोटा लूप लिहिला, "फॉर एफ इन *, डू" वगैरे, आत चित्र फिरवणारी कमांड, मॉग्रिफाय -रोटेट १८०. स्टार आणि अर्धविराम यांच्यामध्ये स्पेस नाही. डायर्डने विचारलं, ही ठळक केलेली अक्षरं बदलली जाणार नाहीत, चालेल का. मी वाय दाबलं. वाचलंच नाही, हाताला सवय असते ना कुठल्याही प्रश्नाला वाय दाबायची. आणि तो स्टार शेलकडे गेला, शेलसाठी स्टार म्हणजे फोल्डरमधलं सगळं, आणि मॉग्रिफाय तर मूळ फाइलवरच लिहितं, नवी प्रत करत नाही. दोनशे पाच सरळ पानं उलटी झाली, आणि सात उलटी सरळ.

मला घाम फुटला होता. मूळ अंक परत वाचनालयात गेले होते आणि त्या कागदावर दुसऱ्यांदा स्कॅनर चालवायची माझी हिंमत नव्हती. टिफ होत्या म्हणून वाचले, त्यातल्या माझ्या फायली दर वेळी सेव्ह केल्यावर दर्जा कमी होणाऱ्यातल्या नव्हत्या, परत एकदा सगळ्या १८० अंशात फिरवल्या आणि मग सात नीट, यावेळी साधं "मॉग्रिफाय -रोटेट १८०" लिहून, लूपबिप काही नाही. जेपीजी असत्या तर प्रत्येक फेरीत थोडं थोडं नुकसान झालंच असतं. त्या दिवसापासून दोन गोष्टी करते. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये फक्त वाचता येतील अशा ठेवते. आणि नवीन कमांड असेल तर आधी तिच्यापुढे इको लावून चालवते, म्हणजे "इको टेसरॅक्ट ? ? -एल एमएआर", मग खरं काम काहीच होत नाही पण नेमक्या कुठल्या ओळी चालणार होत्या त्या समोर छापून येतात. दहा सेकंदांचं काम आहे. तो कन्फर्मचा प्रश्न आला की आता हात मागे घेते, कारण तो प्रश्न येणं म्हणजेच दहातल्या नऊ वेळा माझी स्पेस चुकलेली असते.

पीडीएफबद्दल एक राहिलं. स्टारच्या जागी नावं जातात ती यादीत वरून खाली जशी दिसतायत त्याच क्रमाने. एस दाबून यादी तारखेप्रमाणे लावली असेल आणि विसरलात तर पीडीएफमध्ये शेवटचं पान पहिलं येतं. नावाप्रमाणे लावली तरी पान-१० हे पान-२ च्या आधी येतं, त्यामुळे एक तर नंबर ००२, ०१० असे शून्य लावून द्या नाहीतर लिनक्सवर डायर्डच्या एलएस स्विचेसमध्ये (यादी बनवणाऱ्या एलएस कमांडचे पर्याय) -व्ही घाला, मग आकडे आकड्यांसारखे लागतात.

आता दुसरी मोठी भानगड, आणि ही बहुतेक सगळ्यांना येते: टर्मिनलमध्ये कमांड चालते, डायर्डमधून "कमांड नॉट फाउंड". खाली लिहून येतं की शेल कमांड कोड १२७ने फेल झाली. १२७ म्हणजे प्रोग्रॅम सापडलाच नाही. (१२६ आला तर सापडला पण चालवायची परवानगी नाही, डायर्डमध्येच कॅपिटल एम दाबून +एक्स द्या, झालं.)

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी की ! दाबल्यावर जो शेल उठतो तो तुमच्या टर्मिनलमधला ओळखीचा शेल नसतो. इमॅक्स दर वेळी एक कोरा शेल उठवतो, त्याला -सी देऊन कमांड सांगतो आणि काम झालं की तो मरतो. बॅश (नेहमीचा एक शेल) असा उठवला की तो तुमची बॅशआरसी, म्हणजे त्याच्या सेटिंगची फाइल, वाचत नाही. मग त्यात लिहिलेले एलियास (कमांडींची टोपणनावं) नाहीत, फंक्शन्स नाहीत, एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल नाहीत. माझं टेसरॅक्ट सापडत होतं पण मराठीचा डेटा सापडत नव्हता, एरर यायचा की एमएआरची फाइल उघडता येत नाही, आणि टर्मिनलमध्ये तीच कमांड लख्ख चालायची. टेसडेटा-प्रीफिक्स, म्हणजे तो डेटा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल, मी बॅशआरसीमध्ये लिहून ठेवलेलं आणि इमॅक्स मी मेन्यूतल्या आयकॉनवरून उघडायचे, म्हणजे त्याच्यापर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं. एक अख्खी संध्याकाळ मी डेटा फायली पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसले.

याच्यावर काही जण सांगतात की शेलचा स्विच -सी ऐवजी -आयसी करा म्हणजे तो बॅशआरसी वाचेल. वाचतो, खरंय, पण मग दर कमांडला जॉब कंट्रोल नाही म्हणून कुरकुर छापतो आणि बॅशआरसी जड असेल तर प्रत्येक फाइलला ते ओझं पडतं. मी टेसरॅक्टसाठीचा माझा एलियास सोडून दिला आणि त्याची चार ओळींची स्क्रिप्ट केली, भाषा, डेटाचा पत्ता सगळं तिच्यातच, आउटपुटच्या नावातलं .टिफचं शेपूटही तिथेच छाटलं जातं. आता ! दाबून फक्त स्क्रिप्टचं नाव लिहिते, फाइलचं नाव शेवटी आपोआप चिकटतं, प्रश्नचिन्हाचीसुद्धा गरज नाही. माझ्या मते हाच सगळ्यात टिकाऊ उपाय आहे, कारण ती स्क्रिप्ट टर्मिनलमधूनही चालते, डायर्डमधूनही चालते आणि दोन महिन्यांनी उघडली तरी काय केलं होतं ते कळतं.

मॅकवर हाच प्रकार आणखी ठसठशीत होतो. ऑफिसात मॅक आहे, तिथे इमॅक्स डॉकवरून उघडला की त्याला तुमच्या शेलचा पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) मिळतच नाही, होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचं साधन) टाकलेलं काहीही सापडत नाही (नव्या ॲपल चिपच्या मॅकवर ते ऑप्ट फोल्डरच्या आत होमब्रूमध्ये असतं, जुन्या इंटेलवर यूएसआर-लोकलमध्ये). मी पहिला उपाय केला तो एक्झेक-पाथ नावाच्या सेटिंगमध्ये ते फोल्डर घालायचा, आणि काहीही फरक पडला नाही. कारण एक्झेक-पाथ हा इमॅक्स स्वतः प्रोग्रॅम शोधतो तेव्हा वापरतो, पण ! ने उठलेला शेल बघतो पाथ हे एन्व्हायर्नमेंटमधलं व्हेरिएबल, ते वेगळं. दोन्ही ठिकाणी घालावं लागतं. एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल नावाचं छोटं पॅकेज आहे, ते सुरुवातीलाच तुमच्या खऱ्या शेलला विचारून दोन्ही भरून टाकतं, ते टाकलं आणि विषय संपला. तपासायचं असेल तर मेटा-! (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर ऑल्ट) दाबून "इको $पाथ" चालवा, जे छापून येईल तेच त्या शेलचं जग. (मेटा-! आणि नुसतं ! हे वेगळे आहेत बरं का, मेटावालं खुणा बघत नाही, नुसती कमांड त्या फोल्डरमध्ये चालवतं.)

तिसरं, इमॅक्स गोठणं. ! ने दिलेली कमांड पूर्ण होईपर्यंत इमॅक्स थांबून राहतो, चौसष्ट पानांचं ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणं) म्हणजे तेवढा वेळ कर्सरसुद्धा हलत नाही. तो मेलेला नसतो, वाट बघत असतो, कंट्रोल-जीने सुटतो. लांबच्या कामाला ! ऐवजी & दाबायचं, मग काम मागे चालू राहतं आणि आउटपुट वेगळ्या बफरमध्ये जमा होतं. पण इथे सावध राहा. & ने अनेक फायलींवर कमांड दिली की तो सगळ्या एकदम सोडतो. एकामागून एक नाही, एकदम. मी चौसष्ट पानांवर टेसरॅक्ट सोडलं, त्यात टेसरॅक्ट स्वतः एका पानाला चार थ्रेडपर्यंत वापरतं, माझा लॅपटॉप आठ वर्षांचा, पंखा असा सुटला की आई स्वयंपाकघरातून विचारायला आली. माऊस हलेना. शेवटी पॉवर बटण दाबून बंद करावा लागला.

यावर उपाय डायर्डमध्येच आहे आणि तो मला फार उशिरा कळला. कमांडच्या शेवटी अर्धविराम द्यायचा. मग काम मागेच चालतं पण एक फाइल संपली की दुसरी, रांगेने. & दाबा, "टेसरॅक्ट ? ? -एल एमएआर ;" लिहा, आणि खुशाल दुसरं काहीतरी करा. एकाच वेळी चार-पाच पानं चालवायची असतील तर ओएमपी-थ्रेड-लिमिट हे व्हेरिएबल १ करून घ्या म्हणजे ते एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत.

लिनक्सवाल्यांना आणखी एक विचित्र अनुभव येतो. पीडीएफ तयार झाली, तिच्यावर & दाबून एक्सडीजी-ओपन (फाइल तिच्या नेहमीच्या ॲपमध्ये उघडणारी कमांड) दिलं, आणि काहीच होत नाही. एरर नाही, खिडकी नाही, नुसतं "फिनिश्ड". होतं असं की एक्सडीजी-ओपन दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारून लगेच निघून जातं, ते गेलं की शेल संपतो, शेल संपला की इमॅक्स त्याचं टर्मिनल बंद करतो, आणि टर्मिनल बंद होताना जो हँगअपचा सिग्नल जातो त्यात नुकता जन्मलेला पीडीएफ व्ह्यूअरही मरतो. "सेटसिड -डब्ल्यू एक्सडीजी-ओपन" लिहिलं की तो वेगळ्या सेशनमध्ये जातो आणि जगतो. इमॅक्स ३० असेल तर तेही नको, नुसतं कॅपिटल ई दाबा, सिस्टिमच्या नेहमीच्या ॲपमध्ये फाइल उघडते.

"कमांड यशस्वी झाली पण फाइल तयारच झाली नाही" ही तक्रार तर मी स्वतः दोनदा केलीये. फाइल तयार झालेली असते. डायर्डला कळत नाही की तुमच्या कमांडने फोल्डरमध्ये काय केलं, तो आधीचीच यादी दाखवत राहतो. जी दाबा. बस, जी दाबा, यादी ताजी होते. ऑटो-रिव्हर्ट (यादी आपोआप ताजी करणारी सोय) लावून ठेवलं तर तेही नको.

रिमोटचं थोडक्यात. वाचनालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर मी घरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लांबून लॉगिन करायची सोय) जाते, डायर्डमध्येच तिथलं फोल्डर उघडतं, ट्रॅम्प म्हणतात त्याला, आणि ! दिलं की कमांड तिकडच्या मशीनवर चालते, माझ्या लॅपटॉपवर नाही. हे फार भारी आहे, मोठ्या टिफ इकडे ओढाव्या लागत नाहीत. फक्त तिकडचा पाथही वेगळा असतो, होममधल्या .लोकल/बिनमध्ये ठेवलेला प्रोग्रॅम एसएसएचने लॉगिन केल्यावर सापडतो आणि डायर्डमधून सापडत नाही. ट्रॅम्प-रिमोट-पाथ या यादीत ट्रॅम्प-ओन-रिमोट-पाथ घालायचं आणि मग जुनी कनेक्शन्स साफ करायची, ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स, नाहीतर तो जुनाच पाथ लक्षात ठेवून बसतो आणि तुम्हाला वाटतं बदल लागूच झाला नाही.

मग नावडतं काय? एक, अनेक फायलींचं आउटपुट एकाखाली एक नुसतं ओतलेलं असतं, कुठली ओळ कुठल्या फाइलची ते कळत नाही, चौसष्टातल्या एका पानाने एरर दिला तर ते पान शोधायला जीव जातो. मी स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ फाइलचं नाव छापायची टाकलीये, पण हे डायर्डनेच करायला हवं होतं. दोन, मध्येच प्रश्न विचारणाऱ्या कमांडी ! खाली चालत नाहीत, त्यांना उत्तर द्यायला जागाच नाही. एफएफएमपेगने (ऑडिओ-व्हिडिओवर काम करणारा प्रोग्रॅम) विचारलं की फाइल आधीच आहे, वर लिहू का, तर उत्तर येत नाही म्हणून तो न लिहिताच बाहेर पडतो, त्याला आधीच -वाय किंवा -एन सांगून ठेवावं लागतं. तीन, तो कन्फर्मचा प्रश्न. बरोबर विचारतो, योग्य वेळी विचारतो, पण त्याने एवढंही सांगावं की हा स्टार या फोल्डरमधल्या दोनशे बारा फायलींना लागणार आहे. आकडा दिसला असता तर मी थांबले असते.

मदतीची पानं मात्र उत्तम आहेत, कंट्रोल-एच के दाबून मग ! दाबा, वर लिहिलेलं बरंचसं तिथे आहे, स्पेसचा नियम, अर्धविराम, बॅकटिक, सगळं. मी ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते.

डायर्ड हा प्रकार मुळात १९७४च्या सुमारास स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये स्टॅन कुगेल यांनी लिहिला, तेव्हा तो सुटा प्रोग्रॅम होता, इमॅक्सचा भाग नव्हता. म्हणजे मी स्कॅन करतेय त्यातले काही अंक डायर्डपेक्षा वयाने लहान आहेत. किंमत शून्य, लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीवर मिळतो, विंडोजवर मी वापरला नाही त्यामुळे तिथलं सांगणार नाही.

पाचपैकी साडेचार. ज्यांना शेलच्या दहाबारा कमांडी येतात आणि ज्यांच्या कामात डोळ्यांनी बघून निवडायचं आणि मग एकदम करायचं असं काही आहे, स्कॅनवाले, फोटोवाले, ऑडिओ कापणारे, त्यांनी नक्की घ्या. शेल अजिबात येत नसेल तर आधी तो शिका, ! तुम्हाला शेल शिकवणार नाही. आता सत्तावीस अंक झालेत, चौदा राहिलेत, आत्ता हे लिहितानाही मागे अठ्ठाविसाव्याची पानं रांगेने चालू आहेत, एकोणचाळिसावं चाललंय.